उन्हात डीएनए कसा वाचतो? फेम्टोसेकंदात घडणाऱ्या गोष्टींचं सिम्युलेशन म्हणजे काय?

मे महिन्याची दुपार. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं वडूज हे खटाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल टाकून माणसं बाजारात, शेतात, रोजगार हमीच्या कामावर असतात. या उन्हात दिसणारा प्रकाश असतो, उष्णता असते आणि थोडे अतिनील किरणही असतात. त्यातले काही किरण त्वचेच्या पेशींपर्यंत पोहोचतात आणि तिथल्या डीएनएच्या रेणूत शोषले जातात.

अशा एका अतिनील किरणाच्या कणात रेणूतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. तरीही बहुतेक वेळा डीएनए तुटत नाही. आलेली ऊर्जा तो उष्णतेत बदलतो, आजूबाजूच्या पाण्याला देऊन टाकतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. पण काही मोजक्या वेळा हे जमत नाही. डीएनएवर डाग राहतो. पेशीने तो दुरुस्त केला नाही, तर असेच डाग पुढे त्वचेच्या कर्करोगाचं कारण ठरू शकतात.

वाचणार की बिघडणार, हा निर्णय साधारण एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात होतो. इतक्या कमी वेळात रेणूच्या आत काय घडतं, हे कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून थेट पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगांच्या जोडीला संगणकावर त्या घटनेची नक्कल करतात. तिलाच अतिवेगवान क्वांटम गतिकीचं सिम्युलेशन म्हणतात. ते कसं करतात, त्यात अडचण कुठे येते आणि महाराष्ट्रात या क्षेत्रात काय काम चालतं, ते समजून घेऊया.

फेम्टोसेकंद म्हणजे नेमका किती वेळ?

एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद. त्याचे पुन्हा हजार भाग केले की फेम्टोसेकंद मिळतो. फेम्टोसेकंदाचे हजार भाग केले की ॲटोसेकंद.

हे आकडे डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. एक हिशेब करून पाहा. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायला सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षं लागतील. प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जातो, पण एका फेम्टोसेकंदात तो मिलिमीटरचा दहा हजारावा भाग सुद्धा जेमतेम तीनदा ओलांडतो. माणसाच्या केसाची जाडी पार करायलाही त्याला दोनशेच्या वर फेम्टोसेकंद लागतात.

रेणूतल्या अणुकेंद्रकांची हालचाल फेम्टोसेकंदात मोजतात, तर इलेक्ट्रॉनची ॲटोसेकंदात. पहिल्या प्रकारची हालचाल लेझरच्या झोतांनी टिपून दाखवल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ॲटोसेकंदाचे प्रकाशझोत तयार केल्याबद्दल पिएर अगोस्तिनी, फेरेन्क क्राउझ आणि ॲन लुइलिए यांना २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपण हे वाचतोय, तेही अशाच एका घटनेमुळे. डोळ्यातल्या रेटिनाल या रेणूवर प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो. या बदलाला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात. पाहण्याची सुरुवात तिथून होते.

गणित माहीत आहे, मग अडतं कुठे?

रेणू म्हणजे जड अणुकेंद्रकं आणि त्यांच्याभोवतीचे हलके इलेक्ट्रॉन. हे सगळे क्वांटम नियमांनी वागतात. त्यांचं समीकरण एर्विन श्रोडिंजर यांनी १९२६ मध्ये मांडलं. रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता कळले आहेत, पण त्यातून येणारी समीकरणं सोडवण्याच्या पलीकडची आहेत, असं पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच सांगून ठेवलं होतं. जवळपास शंभर वर्षांनंतरही ही अडचण कायम आहे.

डीएनएतल्या चार बेसपैकी एक असलेल्या थायमिनचंच उदाहरण घेऊ. या छोट्या रेणूत १५ अणू आणि ६६ इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉन क्षणभर बाजूला ठेवू. १५ अणू एकमेकांच्या संदर्भात ३९ वेगवेगळ्या प्रकारे थरथरू शकतात. क्वांटम नियमानुसार रेणू एका वेळी एकाच आकारात नसतो. तो सगळ्या शक्य आकारांत कमी-अधिक प्रमाणात पसरलेला असतो आणि गणितात या सगळ्यांची नोंद ठेवावी लागते.

प्रत्येक थरथरीसाठी फक्त १० बिंदू घेतले, तरी एकूण नोंदी होतात १ वर ३९ शून्य इतक्या. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकाची सुरुवातीची क्षमता ७९७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी गणिती क्रिया इतकी होती. त्या वेगाने प्रत्येक नोंदीवर फक्त एक क्रिया करायची म्हटली, तरी विश्वाच्या आजच्या वयाच्या सुमारे २९ लाख पट वेळ लागेल. आणि घटनेच्या फक्त एका टप्प्याचा हा हिशेब आहे. टप्पे हजारो असतात.

म्हणजे संगणक कितीही मोठा घेतला, तरी सरळ मार्गाने हे गणित सुटत नाही. काहीतरी गाळावंच लागतं. काय गाळायचं आणि काय अजिबात गाळायचं नाही, हे ठरवणं हाच या क्षेत्राचा गाभा आहे.

जड आणि हलके: एक सोपा नियम

पहिली सवलत मॅक्स बॉर्न आणि जे. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये शोधली. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे प्रोटॉन. तो सर्वांत हलका असूनही इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असतो.

बैल चालतो आणि त्याच्याभोवती माश्या घोंघावतात, तसं काहीसं हे चित्र आहे. बैलाने एक पाऊल टाकेपर्यंत माश्या कितीदा तरी इकडून तिकडे होतात. बैलाचं पाऊल मोजायचं असेल, तर प्रत्येक माशीचा हिशेब कशाला ठेवायचा? त्याच धर्तीवर, केंद्रकं क्षणभर स्थिर आहेत असं मानून आधी इलेक्ट्रॉनचं गणित सोडवतात. त्यातून ऊर्जेचा एक नकाशा तयार होतो. त्यात डोंगर असतात, दऱ्या असतात. डोंगरावर पडलेलं पाणी जसं उतार शोधत येरळेकडे धावतं, तशी केंद्रकं या नकाशावर उतार शोधत सरकतात.

बहुतेक रसायनशास्त्र या एका नियमावर चालतं. औषधांचे रेणू, प्लॅस्टिक, खतं यांचं रोजचं संगणकीय काम याच पायावर उभं आहे.

नियम मोडतो तो क्षण

प्रकाश पडला की मात्र चित्र बदलतं. रेणू ऊर्जा शोषून वरच्या अवस्थेत जातो. या वरच्या अवस्थेचा स्वतःचा वेगळा नकाशा असतो. आता दोन नकाशे एकावर एक आहेत आणि रेणू वरच्या नकाशावर उतार शोधतोय.

काही ठिकाणी हे दोन नकाशे एकमेकांना येऊन टेकतात. तिथला आकार नरसाळ्यासारखा असतो. शास्त्रीय भाषेत याला शंकू-छेद म्हणता येईल. वरच्या नकाशावर घरंगळत आलेला रेणू या नरसाळ्यातून खालच्या नकाशावर उतरतो. थायमिनसारखे रेणू वाचतात ते याच वाटेने. पाण्यात असलेले त्याचे बहुतांश रेणू एका पिकोसेकंदाच्या आत अशा रीतीने मूळ अवस्थेत परततात.

अडचण अशी, की नेमक्या याच ठिकाणी जड-हलक्याचा नियम मोडतो. इथे इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं यांच्या हालचाली एकमेकांत गुंततात. कोण वेगवान, कोण संथ, हा भेद राहत नाही. दोघांचं गणित एकत्र करावं लागतं. जो क्षण सर्वांत महत्त्वाचा, त्याच क्षणी सोपा नियम कामाला येत नाही.

डीएनएतला बिघाडही याच वेळात होतो. साखळीत दोन थायमिन शेजारी-शेजारी असले आणि प्रकाश पडला तेव्हा त्यांची मांडणी जुळलेली असली, तर ते एकमेकांना चिकटून जोडी तयार करतात. केवळ थायमिन असलेल्या डीएनए साखळीवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही जोडी सुमारे १ पिकोसेकंदात तयार होताना दिसली. म्हणजे सुटका आणि बिघाड या दोन्ही वाटा जवळपास एकाच वेळेच्या पट्ट्यात उघडतात.

मग सिम्युलेशन करतात कसं?

आज मुख्यतः तीन प्रकारच्या पद्धती वापरल्या जातात. प्रत्येक पद्धत काहीतरी वेगळं गाळते.

पहिली पद्धत केंद्रकांनाही पूर्ण क्वांटम नियमाने वागवते, पण नोंदी हुशारीने कमी करते. सगळे शक्य आकार आधीच साठवून ठेवण्याऐवजी, घटना पुढे सरकेल तसे लागतील तेवढेच आकार ती बदलत नेते. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये १९९० मध्ये ही पद्धत मांडली गेली. १९९९ मध्ये तिने पायराझिन या १० अणूंच्या रेणूच्या सर्व २४ थरथरींचं एकत्रित गणित करून दाखवलं. अचूकता उत्तम, पण ऊर्जेचा नकाशा आधी तयार करून द्यावा लागतो. मोठ्या रेणूंसाठी तेच काम जड होतं.

दुसरी पद्धत जॉन टुली यांनी १९९० मध्ये आजच्या रूपात आणली. यात केंद्रकं साध्या गोट्यांसारखी घरंगळतात, इलेक्ट्रॉन मात्र क्वांटम राहतात. दोन नकाशे जवळ आले की संगणक जणू फासे टाकतो आणि रेणू खाली उडी मारणार की वरच राहणार ते ठरतं. एका फाशावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून तोच प्रवास शेकडो वेळा करून सरासरी काढतात.

याचा खर्च किती? समजा, १ पिकोसेकंदाची घटना अर्ध्या-अर्ध्या फेम्टोसेकंदाच्या टप्प्यांनी मोजायची आहे. एका प्रवासात २ हजार टप्पे झाले. असे २०० प्रवास धरले तर ४ लाख टप्पे. प्रत्येक टप्प्यावर इलेक्ट्रॉनचं गणित नव्याने करायला ५ मिनिटं लागली, तर एका प्रोसेसरवर हे काम जवळपास पावणेचार वर्षं चालेल. २०० प्रोसेसर एकाच वेळी लावले तर साधारण आठवड्याभरात संपेल. महासंगणक लागतो तो यासाठी.

तिसऱ्या पद्धतीत मुख्य लक्ष इलेक्ट्रॉनवर असतं. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशेब ठेवण्याऐवजी त्यांची जागोजागची घनता काळानुसार कशी बदलते ते पाहतात. याचा सैद्धांतिक पाया १९८४ मध्ये रुंगे आणि ग्रॉस यांनी घातला. इथे टप्पे ॲटोसेकंदाच्या आसपास असतात, त्यामुळे घटनेचा फार छोटा तुकडाच पाहता येतो.

संगणकाने सांगितलं म्हणजे खरं का?

नाही. थायमिनचंच उदाहरण बोलकं आहे. प्रकाश शोषल्यावर रेणू ज्या पहिल्या वरच्या अवस्थेत जातो, तिथून तो किती वेळात बाहेर पडतो, यावर वेगवेगळ्या सिम्युलेशनची उत्तरं वेगळी होती. काही गणितांनुसार वाटेत एक छोटी चढण होती आणि रेणू तिथे पिकोसेकंदांपर्यंत अडकत होता. काहींच्या मते सरळ उतार होता. नकाशातल्या एवढ्याशा चढणीमुळे उत्तर अनेक पटींनी बदलत होतं.

अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या एक्स-रे लेझरवर याची तपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वायुरूप थायमिन पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत सुमारे ६० फेम्टोसेकंदांत उतरतं. दीर्घकाळ अडकण्याचं चित्र टिकलं नाही.

पुढे शास्त्रज्ञांनी आपल्या पद्धतींची जाहीर परीक्षाच घेतली. सायक्लोब्युटॅनोन या छोट्या रेणूवर स्लॅकमध्ये प्रयोग होणार होता. निकाल कळण्याआधीच जगभरातल्या सैद्धांतिक गटांनी आपलं भाकीत प्रसिद्ध करावं, असं आव्हान देण्यात आलं. २०२४ मध्ये ही भाकितं एका विज्ञानपत्रिकेच्या विशेषांकात आली. रेणू एक, पडणारा प्रकाश एक, तरी वेळेचे अंदाज गटागणिक बरेच वेगळे होते. उत्तर आधी माहीत असलं की गणित त्याच्याकडे झुकवण्याचा मोह होतो. या परीक्षेत ती सोय नव्हती. कुठली पद्धत कुठे कमी पडते, हे त्यामुळे उघड तपासता आलं.

महाराष्ट्रात काय काम चालतं?

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर आहे. तिथे फेम्टोसेकंद लेझरवर अनेक वर्षं प्रयोग होत आले आहेत. दीपक माथुर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाण्यातल्या डीएनएवर तीव्र लेझर झोत टाकून काय होतं ते दाखवलं. तो प्रकाश अतिनील नव्हता, अवरक्त होता. तरीही डीएनएचे धागे तुटले. कारण झोतामुळे पाण्यातच इलेक्ट्रॉन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार झाले आणि त्यांनी डीएनएवर हल्ला केला. डीएनएचं सिम्युलेशन करताना भोवतालचं पाणी गाळून चालत नाही, हे अशा प्रयोगांतून कळतं.

पवईच्या आयआयटी मुंबईत सैद्धांतिक बाजू पाहिली जाते. तिथले गोपाल दीक्षित यांनी जर्मनीत असताना सहकाऱ्यांसोबत २०१२ मध्ये एक महत्त्वाचं गणित प्रसिद्ध केलं. अतिवेगवान एक्स-रे झोताने हलत्या इलेक्ट्रॉनचे फोटो काढता येतील, अशी तेव्हा अपेक्षा होती. त्यांनी हायड्रोजन अणूवर हिशेब करून दाखवलं, की अशा चित्रात त्या क्षणाची इलेक्ट्रॉन घनता सरळसरळ दिसणार नाही. एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन यांच्यातला क्वांटम व्यवहार लक्षात घेतला नाही, तर चित्राचा अर्थ चुकेल. रसायनशास्त्र विभागातले अंबर जैन हे नकाशांवरून उडी मारण्याच्या, म्हणजे वर पाहिलेल्या दुसऱ्या पद्धतीतल्या त्रुटी दुरुस्त करण्यावर काम करतात.

संगणकाची बाजू पुण्याकडे आहे. अमेरिकेने अधिक ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या कंपनीने उभारलेला ‘एका’ जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आला. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून आयसरचा ‘परम ब्रह्म’ उभा राहिला.

क्वांटम संगणकाने प्रश्न सुटेल का?

क्वांटम घटनेची नक्कल क्वांटम वस्तूनेच करावी, हा यामागचा विचार. २०२३ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी एका अडकवून ठेवलेल्या आयनाच्या मदतीने नरसाळ्याजवळची हालचाल १० हजार कोटी पट संथ करून पाहिली. फेम्टोसेकंदात संपणारी घटना मिलिसेकंदात आली आणि थेट मोजता आली. अर्थात ते एक साधं प्रारूप होतं. अख्ख्या डीएनएपर्यंत पोहोचायला अजून बराच पल्ला आहे.

भारतात केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

याचा उपयोग काय?

सनस्क्रीनमधला ऑक्सिबेन्झोन हा रेणू डीएनएसारखंच काम करतो. अतिनील किरण शोषतो, त्याचा एक हायड्रोजन जागा बदलून परत येतो आणि ऊर्जा पिकोसेकंदांत उष्णता होऊन निघून जाते. यापेक्षा सुरक्षित आणि टिकाऊ रेणू शोधायचा, तर प्रत्येक पर्याय प्रयोगशाळेत बनवून पाहणं परवडत नाही. आधी संगणकावर चाळणी लावता येते. सौरघटातली सामग्री, प्रकाशाच्या साहाय्याने दिले जाणारे कर्करोगावरचे उपचार, यातही हाच प्रश्न असतो: प्रकाशातून आलेली ऊर्जा कुठल्या वाटेने जाते?

हे शिकायचं असेल तर?

वडूजसारख्या गावातल्या विद्यार्थ्यालाही याची सुरुवात घरी करता येते. साध्या लॅपटॉपवर पायथनमध्ये एकाच दिशेने हलणाऱ्या एका कणाचं श्रोडिंजर समीकरण काही सेकंदांत सोडवता येतं. ऑक्टोपस, शार्क, न्यूटन-एक्स यांसारखी संशोधनात वापरली जाणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. बारावीनंतर आयसरची प्रवेशपरीक्षा, किंवा बीएस्सी करून आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा, असे रस्ते आहेत. पाया लागतो तो गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्हींचा.

आणि एक सवय लागते. संगणकाच्या पडद्यावर रेणूचं सुंदर चलचित्र दिसलं, की ते खरं वाटू लागतं. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: या हिशेबात काय गाळलं आहे? उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या त्वचेतला रेणू काहीच गाळत नाही. तो पूर्ण हिशेब करतो, तोही एका पिकोसेकंदात. त्याच्या जवळ पोहोचण्याचा प्रयत्न महासंगणक अजून करत आहेत.